भिंतीवरचा बिबट्या, चंद्राखालचा पिंगळा : आम्हाला नेहमी विचारतात ते प्रश्न

आम्ही जळगाव-चोपडा भागातली पाच-सहा माणसं. दोन चित्रकलेचे मास्तर, एक बोर्ड रंगवणारा पेंटर, एक नाटकवाला, आणि बाकीचे शिडी धरायला. सुट्टीत सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत भिंती रंगवतो, कधी बाजारात पथनाट्य करतो. फोनवर, लग्नात, एसटीत तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून टाकलंय.

चित्र काढून वाघ वाचतो का हो?

नाही. खरं सांगायचं तर नाही वाचत, म्हणजे सरळ सरळ तरी नाही. जंगल तुटायचं थांबत नाही, विहिरीला कठडा येत नाही, शेताच्या कुंपणात सोडलेला करंट बंद होत नाही. चित्राने एवढंच होतं की ज्या गोष्टीवर गावात कुणी बोलत नव्हतं त्यावर पारावर बोलणं सुरू होतं. आता ते बोलणं कुठे जातं ते तुम्ही भिंतीवर काय काढलंय त्यावर आहे. नुसता वाघाचा मोठा जबडा आणि खाली "वाघ वाचवा" लिहिलं तर कुणी काय करायचं? शेतकरी वाचतो, म्हणतो बरं, आणि मोटर चालू करायला जातो. आम्ही पहिली दोन वर्षं अशाच भिंती रंगवल्या, त्यामुळे हे स्वतःच्या अनुभवावरूनच बोलतोय.

मग काय काढायचं?

तुमच्या गावात जे फिरतं ते. खान्देशात निम्म्या शाळांच्या भिंतींवर जिराफ, झेब्रा आणि आयाळवाला सिंह आहे, आणि शाळेच्या मागच्या नाल्यात साळिंदर, तरस, सायाळ काय म्हणाल ते फिरतंय, त्याचं चित्र कुठंच नाही. (साळिंदर आणि सायाळ एकच बरं का, यावरून आमच्यात एकदा अर्धा तास भांडण झालंय.)

मुक्ताईनगरकडे चारठाणा, डोलारखेडा बाजूला वाघ केळीच्या बागेत येतो हे तिकडच्या पोरासोरांना माहीत आहे. केळीला बारा महिने पाणी, गारवा, दाट सावली, रानडुक्कर आयतं, मग त्याला काय वाईट? तिथे वाघ काढायचा तर केळीच्या खोडांमधला काढा, सुंदरबनातला नको. हतनूर धरणाच्या बाजूची गावं असतील तर हिवाळ्यात येणारी बदकं काढा, चक्रवाक, तलवार बदक, मोठी लालसरी. लालसरीच्या नराचं डोकं असं भगवं-तांबूस असतं की पोरं विचारतात, सर हा रंग तुम्ही मनाने दिला का.

आणि शहादा-तळोदा-चोपडा-यावल पट्ट्यात असाल तर एकच नाव, रानपिंगळा, वीतभर उंचीचं घुबड.

रानपिंगळ्याचं एवढं काय कौतुक?

बसा, हे जरा लांबेल.

हा पक्षी १८७२ साली पहिल्यांदा मिळाला, पुढच्या वर्षी ह्यूम नावाच्या इंग्रज साहेबाने त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं. नंतर १८८० च्या दशकात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या खान्देशातनं, शहादा-तळोद्याच्या बाजूने त्याचे नमुने गोळा केले, म्हणजे गोळी घालून, तेव्हा तशीच पद्धत होती. १८८४ नंतर पक्षी गायब. शंभर वर्षांच्या वर कुणाला दिसला नाही. शोधणारे शोधत होते, पण त्यांच्या हातात एक खोटी चिठ्ठी होती. माइनर्ट्झहागन नावाच्या एका बड्या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने लंडनच्या म्युझियममधून डेव्हिडसनचाच एक नमुना ढापला, आतलं भरण बदललं आणि त्याला लेबल लावलं की हा मी १९१४ साली गुजरातेत मारला. झालं, लोक गुजरातेत शोधत बसले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी ती चोरी पकडली, खोटं लेबल बाजूला ठेवून जुने खरे नमुने जिथले होते तिथे त्या आणि त्यांचे दोन सोबती आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

ही गोष्ट आम्ही प्रत्येक शाळेत सांगतो. एक म्हणजे गोष्ट झकास आहे, चोरी आहे, साहेब आहे, आपलं शहादा आहे. दुसरं म्हणजे एका खोट्या चिठ्ठीने माणसं किती वर्षं चुकीच्या रानात फिरली ते पोरांना लगेच कळतं. भिंतीवरचं चित्र ही पण एक चिठ्ठीच आहे ना.

तुमचं स्वतःचं चित्र कधी चुकलंय का?

हो, आणि सगळ्या गावासमोर. पायथ्याच्या एका गावात आम्ही रानपिंगळा काढला, दहा बाय पंधरा फुटाची भिंत, मस्त निळी रात्र, मागे भलामोठा चंद्र, सागाची फांदी, फांदीवर पिंगळा. फोटोला लाईक पण भरपूर आले. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे बाबा बैल घेऊन जात होते, थांबले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "चांद काबर काढा सर? हाऊ त दिनले बठेल ऱ्हास." (चंद्र कशाला काढला सर? हा तर दिवसा बसलेला असतो.)

बरोबर होतं त्यांचं. रानपिंगळा दिवसा फिरणारा घुबड आहे, सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसतो. आणि आम्ही गुगलवरून जो फोटो घेतला होता तो साध्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचा होता, गावात विजेच्या तारेवर बसतो तो. दोघांतला फरक सांगतो, तुम्ही चुकू नका. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास सपाट तपकिरी, छातीवर गडद तपकिरी रंग भरून आलेला, खाली पोट पांढरं स्वच्छ, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, आणि पंजे अंगाच्या मानाने दांडगे. उंची वीतभरच, म्हणून फांदी फार जाड काढली तर तो चिमणीएवढा दिसतो.

मग काय, चंद्राचा सूर्य केला. रात्रीची निळी भिंत पुसून सकाळ करायला पाच लिटर पांढरा गेला. बाबांना शिडीखाली खुर्ची टाकून बसवलं, ते सांगतील तसं करत गेलो. तेव्हापासून आमचा नियमच आहे, कच्चं रेखाटन आधी गावातल्या दोन-तीन जाणत्या माणसांना दाखवायचं आणि मगच रंगाचा डबा उघडायचा.

बिबट्या काढताना काय चुकतं?

लोक बिबट्या म्हणून चित्ता काढतात. चित्त्याचे ठिपके भरीव, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ, रडून वाहिल्यासारखी. बिबट्याचे ठिपके फुलासारखे, मधे पिवळं आणि कडेला काळे तुकडे, डोळ्याखाली रेघ नाही. १९५२ ला चित्ता भारतातून संपल्याचं जाहीर झालं, २०२२ मध्ये नामिबियातून आणून मध्य प्रदेशातल्या कुनोला सोडले, तेव्हापासून तर गोंधळ आणखीच वाढलाय. आपल्या उसात-केळीत जो आहे तो बिबट्याच.

गावकरी म्हणतात त्याने आमचं वासरू खाल्लं आणि तुम्ही त्याचं चित्र काढता?

हा सगळ्यात कठीण प्रश्न आहे आणि विचारणाऱ्याचा राग खरा असतो. २०१७ मध्ये चाळीसगाव भागात बिबट्याने माणसं मारली, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. त्या बाजूच्या माणसाला "बिबट्या आपला मित्र" असं भिंतीवरून शिकवायला जाऊ नका, शिव्या खाल आणि त्या बरोबर असतील.

आम्ही तिथे बिबट्या सुंदर दाखवायच्या भानगडीत पडत नाही. चार चौकटी काढतो, कॉमिकसारख्या. पहिलीत रात्री पाणी भरायला निघालेला माणूस, हातात बॅटरी, खिशात मोबाईलवर गाणं चालू. दुसरीत गोठा, वरून जाळी, दाराला कडी. तिसरीत ऊसतोडीत सापडलेली पिल्लं आणि त्यांच्यापासून लांब सरकणारे मजूर, कारण आई रात्री येऊन घेऊन जाते, आपण हात लावून गाडीत घातली तर ती सैरभैर होते. चौथीत मेलेलं वासरू जागेवरच, आणि माणूस फोन लावतोय, कारण पंचनाम्याआधी जनावर हलवलं की भरपाई अडकते. खाली मोठ्ठा आकडा : १९२६, वनविभागाची हेल्पलाइन. त्या भिंतीवर बिबट्या फक्त कोपऱ्यात आहे, शेपटी आणि दोन कान.

एका गावात आधी वासरू गेलेल्या माणसानेच नंतर आकडा पुसट झालाय म्हणून फोन केला. "सर तो नऊ गेला, परत लिही जा."

कोणता रंग वापरता, खर्च किती येतो?

बाहेरच्या भिंतीला बाहेरचाच अॅक्रेलिक इमल्शन, आतला नको, एक पावसाळा टिकत नाही. जुनी चुन्याची भिंत असेल तर तारेच्या ब्रशने खरवडा, हाताला पांढरं लागतंय तोवर खरवडा, मग प्रायमर. आम्ही आळस केला त्या एका भिंतीवर तरसाचं तोंड पोपडा होऊन पडलं, आता नुसतं धड उभं आहे. दोन हात द्यायचे तर एका लिटरमध्ये साधारण पन्नास-साठ चौरस फूट धरा. सगळे रंग विकत घेऊ नका, पांढऱ्याचा मोठा डबा घ्या आणि स्टेनरच्या (पांढऱ्यात मिसळायच्या गडद रंगाच्या) छोट्या बाटल्या, पिवळी, लाल, काळी, निळी, हिरवी, बाकी आपण घोटायचं. काळा एकदम कमी. बिबट्याच्या ठिपक्याला पण निव्वळ काळा नको, त्यात थोडा लाल टाका.

मोठं करायला प्रोजेक्टर लागत नाही. कागदावर चौकटी, भिंतीवर चौकटी, आणि सुतळी गेरूत बुडवून दोघांनी ताणून टपकन सोडायची. सुताराचीच युक्ती आहे.

काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो, रंग भिंतीवर लागायच्या आधी ब्रशवरच वाळतो, माणूस पण वाळतो. आणि ब्रश धुतलेलं पाणी नाल्यात ओतू नका. वन्यजीवांचं चित्र काढून त्यांच्याच पाणवठ्यात रंग सोडला असं एकदा एका पोराने आम्हाला तोंडावर सांगितलं, सातवीतलं पोरगं.

ब्रशचं काही असतं का?

असतं, आणि हे चित्रकारांनी नीट वाचा. मुंगसाच्या केसांचे ब्रश अजून लपूनछपून विकले जातात. केस कडक, टोक छान धरतात, म्हणून जुने पेंटर त्यांचं कौतुक करतात. पण एका मुंगसाच्या अंगावर कामाचे केस मूठभरही निघत नाहीत, म्हणजे किलोभर केसांमागे किती मुंगसं मेली असतील याचा हिशोब करा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मुंगूस संरक्षित आहे, हे ब्रश बनवणं, विकणं, जवळ ठेवणं, सगळाच गुन्हा.

ओळखायचं कसं, तर ब्रशचे केस उजेडात पसरून बघा. नायलॉनचा ब्रश सगळा एका रंगाचा असतो. मुंगसाच्या एकाच केसावर गडद आणि फिकट पट्टे असतात, टोकाकडे काळपट, खाली मळकट पिवळसर. माझ्या स्वतःच्या पेटीत असे दोन निघाले. कॉलेजात असताना घेतलेले, मला वाटायचं हा "भारी हेअर" आहे. एवढी वर्षं त्याच ब्रशने मी पोरांना मुंगूस काढायला शिकवत होतो.

पिसं, साळिंदराचे काटे, शिंगं वापरून कलाकृती केली तर? जंगलात पडलेलीच आहेत.

नको. पडलेली असो की मारलेली, कायदा बहुतेक बाबतीत फरक करत नाही, आणि शोकेसमध्ये काटे दिसले की दुसऱ्याला पण पाहिजे असतात, मग ते पडायची वाट कोण बघतं. मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्यात देशातल्या देशात सूट आहे.

यावरून लोक होळीचं विचारतात. सातपुड्यात होळीला आदिवासी माणसं बावा, बुध्या बनून नाचतात, त्यांच्या डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप असतो, अंगावर राखेचे ठिपके, कंबरेला घुंगरू आणि भोपळे. शहरातून आलेला एखादा लगेच नाक मुरडतो. माझं मत असं की ज्या माणसांनी वाघदेवाची पूजा टिकवली, त्यांना आपण मोर वाचवायला शिकवायचं हा उद्धटपणा आहे. तिथे जाऊन शिकायचं असतं. गळलेली पिसं वर्षभर जमवतात, जपून ठेवतात, टोप बापाकडून पोराकडे येतो.

चित्रकला येत नाही, मग?

मग आवाज आहे ना. आपल्याकडे कानबाईच्या सणाला, आखाजीला (अक्षय तृतीयेला) वहीगायन होतं, डफ, टाळ, रात्रभर बारी चालते. गुलाबाईच्या गाण्यांची चाल सगळ्या बायकांना पाठ असते, त्याच चालीवर साळुंकी, टिटवी, घोरपड बसवली तर भाषण करायची गरजच पडत नाही. आमच्या नाटकवाल्याने एक छोटं पथनाट्य केलंय घुबडावर. दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी घुबडं पकडतात, ते. त्यात घुबड कोर्टात उभं आहे आणि साक्षीदार म्हणून उंदीर आलाय. उंदीर जीव तोडून सांगतो की साहेब हे फार अशुभ आहे, याला फाशीच द्या. लोक एवढे हसतात की मेसेज वेगळा सांगावा लागत नाही. बाजाराच्या दिवशी करायचं, अकराच्या सुमारास, भाजीवाल्यांच्या ओळीत नको, ते ओरडतात.

नागपंचमीला काय करता येईल?

नवीन काही नको, जुनंच. आजी भिंतीवर नाग काढायची ना, गेरूने किंवा चंदनाने, त्याचीच पूजा व्हायची. टोपलीतला तोंड शिवलेला, दात काढलेला नाग दूध पीत नाही, त्याला अनेक दिवस तहानलेला ठेवतात म्हणून तो समोर येईल ते ओढतो आणि नंतर मरतो. शाळेत आदल्या दिवशी "आजीचा नाग" काढायला लावा. घरोघरी वेगळा निघतो, कुणाकडे पाच फण्यांचा, कुणाकडे पोटात अंडी असलेली नागीण. हे आता विसरत चाललंय, कॅलेंडरचा छापील चिकटवतात.

चित्रकला स्पर्धा घ्यायची आहे, कधी घेऊ?

ऑक्टोबरचा पहिला आठवडा वन्यजीव सप्ताह, ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह. यातली ५ तारीख मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ तारीख सालीम अलींचा, २०२० पासून महाराष्ट्रात हा सप्ताह साजरा होतो. पण हॉलमध्ये बसवून "जंगल वाचवा" विषय देऊ नका, शंभर चित्रं एकसारखी येतात, रडणारी पृथ्वी आणि कुऱ्हाड. आधी पोरांना तासभर नाल्यावर, शेताच्या बांधावर न्या, जे दिसलं तेच काढा म्हणा. बक्षीस सुबक चित्राला न देता बारकाईने बघितलेल्याला द्या. आमच्याकडे एका मुलीने टिटवीच्या अंड्यांवरचे डाग एवढे बरोबर काढले की खडे कोणते आणि अंडी कोणती ते परीक्षकांनाच कळेना.

अजिंठ्याचा काही संबंध?

जळगावहून साठ किलोमीटर, आणि आपले लोक तिथे पाहुणे आले की मगच जातात. सतरा नंबरच्या लेण्यात छद्दन्त जातक (बुद्धाच्या मागच्या जन्माची गोष्ट) बघा, दहा नंबरमध्येही आहे आणि ते त्याहून कितीतरी जुनं. सहा दातांचा हत्ती. राणी मागच्या जन्मीच्या रागाने त्याचे दात आणायला शिकारी पाठवते, शिकाऱ्याला ते कापता येत नाहीत म्हणून हत्ती स्वतःच मदत करतो, आणि दात समोर आल्यावर ती राणी ते बघूच शकत नाही, मरते. बाजूला गाईड फक्त दागिने आणि डोळे दाखवत असतो, त्याला म्हणा हत्ती दाखव.

कलेतून पैसा उभा राहतो का?

राहतो, पण त्याला डोकं लागतं. डेव्हिड शेपर्ड नावाचे ब्रिटिश चित्रकार होते, त्यांच्या एका वाघाच्या चित्राच्या प्रिंट विकून १९७३ मध्ये भारतातल्या वाघांसाठी सव्वा लाख पौंडांच्या वर जमले, त्याच वर्षी आपल्याकडे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. अमेरिकेत १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी एक स्टॅम्प घ्यावाच लागतो, पहिल्याचं चित्र डिंग डार्लिंग नावाच्या व्यंगचित्रकाराने काढलं, किंमत एक डॉलर, आणि तो पैसा पाणथळ जागांवर खर्च होतो.

आपण एवढे मोठे नाही. आम्ही पोरांच्या चित्रांची कॅलेंडरं छापतो, जमाखर्च त्याच कॅलेंडरच्या मागच्या पानावर छापतो. एकदा एका मोठ्या पार्टीने आमच्या भिंतीवर बिबट्यापेक्षा स्वतःचा लोगो मोठा पाहिजे म्हणून हट्ट धरला, आम्ही डबे उचलून घरी आलो.

एआयने चित्र काढलं तर चालेल?

नाही. बिबट्याला सहा बोटं, वाघाचे पट्टे दोन्ही बाजूंनी आरशासारखे सारखे, असलं निघतं. खऱ्या वाघाचे डाव्या-उजव्या बाजूचे पट्टे वेगळे असतात, त्यावरूनच तर त्यांची मोजणी होते. त्याहून वाईट म्हणजे एआयचे बिबटे व्हॉट्सअॅपवर "आपल्या कॉलनीत" म्हणून फिरतात आणि लोक काठ्या घेऊन बाहेर पडतात.

परवानगी कुणाची लागते?

शाळा असेल तर मुख्याध्यापक, गावाची भिंत असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, खासगी असेल तर मालकाचं कागदावर दोन ओळीचं. वनविभागाच्या भिंतीसाठी रेंज ऑफिसला अर्ज. यावलसारख्या अभयारण्यात नुसतं शिरायला पण परवानगी लागते, आणि जंगलातल्या खडकावर, झाडावर काहीही रंगवू नका, देवाचं नावसुद्धा नाही. कुणा पक्ष्याचं घरटं बघून चित्र काढलं तर जागा सांगू नका. रानपिंगळ्याचं तर अजिबातच नाही, कॅमेरेवाले झाडाखाली मुक्काम ठोकतात.

आमच्या गावात याल का?

येऊ. भिंत उत्तरेकडची असेल तर बरं, ऊन कमी लागतं आणि रंग जास्त टिकतो. रंग आमचा, पाणी आणि शिडी तुमची, आमची शिडी मागच्या वेळी टेम्पोतून पडली ती अजून तिरपीच उभी राहते. जेवायला कळण्याची भाकरी आणि ठेचा असला की झालं, वरणबट्टी करू नका, ती खाल्ल्यावर दुपारनंतर कुणी शिडीवर चढत नाही. आणि जनावर ओळखणारं एखादं म्हातारं माणूस आधीच शोधून ठेवा, पहिल्या दिवसापासून लागेल.